जीर्ण वृक्कविकारात पत्रशाक : पथ्य की अपथ्य?

मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा रुग्ण चिकित्सालयात येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न औषधाविषयी क्वचितच असतो. नाडीपरीक्षण आणि तपासणीचे कागद पाहून होताच रुग्ण, किंवा बहुधा त्याच्यासोबत आलेली गृहिणी विचारते, "डॉक्टरसाहेब, पालेभाजी द्यायची की बंद करायची?" प्रश्न साधा वाटतो. तथापि आमच्याकडे येण्यापूर्वीच या प्रश्नाची दोन ठाम आणि परस्परविरुद्ध उत्तरे त्या कुटुंबाला मिळालेली असतात. डायलिसिस केंद्रात कोणीतरी सांगितलेले असते की हिरवे पान ताटात दिसता कामा नये. आपल्यापैकी कोणा वैद्याने सांगितलेले असते की पालेभाजी मूत्रल आहे, सारक आहे, रक्तवर्धक आहे, ती भरपूर घ्यावी.

ही दोन्ही उत्तरे रुग्णाचे नुकसान करू शकतात. त्यांपैकी दुसरे उत्तर आम्ही स्वतः अनेक वर्षे देत होतो. ते का सोडले, हे सांगण्यासाठी प्रथम एक कबुली देणे आवश्यक आहे.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी अठ्ठावन्न वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले. मधुमेह पंधरा वर्षांचा. पायांवर सूज, मलावष्टंभ, अरुची, मूत्राचे प्रमाण कमी. क्रिएटिनिन ३.१, त्यावरून वृक्कांचा गाळण्याचा वेग, म्हणजे जीएफआर, २२ च्या आसपास येत होता. विकार चौथ्या अवस्थेत होता. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू होते. आम्ही शोथ आणि मूत्राल्पता यांचा विचार करून पुनर्नव्याच्या भरडीचा काढा व श्वेतपर्पटी दिली आणि आमचे छापील पथ्यपत्रक हाती ठेवले. त्या पत्रकात 'मूत्रविकार' या शीर्षकाखाली दुसऱ्याच ओळीत 'पालेभाज्या भरपूर' असे छापलेले होते.

घर शिस्तीचे होते. सुनेने पत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावले. सकाळी पालक आणि सांभार वाटून पेलाभर रस, दुपारी चणाडाळ घातलेली पालकाची पातळ भाजी, रात्री पुन्हा कोणतीतरी पालेभाजी, असा क्रम सुरू झाला. सूज थोडी उतरली, पोट साफ होऊ लागले, सर्वांना समाधान वाटले. सोळाव्या दिवशी पहाटे त्या गृहस्थांना पलंगावरून उठता येईना. पायांतील बळ गेले होते. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातील पोटॅशियम ७.१ होते आणि हृदयालेखात बदल दिसू लागले होते. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, पाठोपाठ इन्सुलिन व ग्लुकोज आणि त्याच दिवशी डायलिसिस, अशा क्रमाने त्यांचा जीव वाचला.

तेथील तज्ज्ञांनी आम्हांला दूरध्वनी केला. त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, "तुम्ही पोटॅशियम किती होते ते पाहिले होते काय?" आम्ही पाहिले नव्हते. क्रिएटिनिन पाहिले होते, युरिया पाहिला होता, हिमोग्लोबिन पाहिले होते. ज्या एका आकड्यावर त्या रुग्णाचे जीवन अवलंबून होते तो तपासण्याचे आम्हांला सुचलेही नव्हते.

शास्त्रात 'भरपूर' कोठे आहे?

या घटनेनंतर आम्ही पुन्हा ग्रंथांकडे वळलो, आणि जे आढळले त्याने अधिकच खजील झालो. 'पालेभाज्या भरपूर' हे वाक्य आम्ही आयुर्वेदाच्या नावाने छापले होते. परंतु संहिताकारांनी तसे कोठेही म्हटलेले नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या, अन्नपानविधी अध्यायात शाकवर्ग येतो. तेथे शाकांचे सामान्य गुण सांगताना ती गुरू व रूक्ष असतात, बहुधा विष्टंभ करून पचतात, वीर्याने शीत असतात आणि पुरीषाचे भेदन करतात, असे वर्णन आहे. त्याला जोडूनच शाक कसे सेवन करावे तेही सांगितले आहे. प्रथम ते स्विन्न करावे, म्हणजे शिजवावे. मग त्यातील रस पिळून काढावा. आणि नंतर पुरेशा स्नेहासह सिद्ध करावे. असे संस्कारित शाकच प्रशस्त होय. हे तीन संस्कार आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केले आहेत. पथ्यपत्रक लिहिताना मात्र त्यांतील एकही आम्ही लिहिला नाही.

त्याच सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात शाकांमध्ये जीवन्ती सर्वाधिक पथ्यकर आणि सर्षपशाक सर्वाधिक अपथ्यकर म्हटले आहे. म्हणजे 'शाक' हा एकच पदार्थ मानून त्याविषयी एकच मत देणे आचार्यांनाही मान्य नव्हते. भावप्रकाशात शाकांचे पत्र, पुष्प, फल, नाल, कंद आणि संस्वेदज असे सहा प्रकार करून ते उत्तरोत्तर गुरू सांगितले आहेत. या क्रमात पत्रशाक सर्वांत लघू ठरते. तरीही भावमिश्रांनी एकूण शाकांच्या अतिसेवनाविषयी कठोर शब्द वापरले आहेत.

जीर्ण वृक्कविकार या नावाचा व्याधी संहितांत नाही. मूत्राघात, शोथ, पांडू आणि प्रमेहाचे उपद्रव यांच्या लक्षणांतून आपण त्याचा विचार करतो. यास्तव शोथातील पथ्यापथ्य येथे विशेष उपयोगी पडते. चिकित्सास्थानाच्या बाराव्या, श्वयथुचिकित्सा अध्यायात वर्ज्य पदार्थांच्या यादीत लवण, नवान्न, दही, मद्य, अम्ल पदार्थ यांच्यासोबत शुष्क शाक आलेले आहे. विदर्भातील वैद्याने येथे क्षणभर थांबावे. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, वाळवून, वर्षभर पुरवण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. पान वाळले की त्यातील पाणी जाते, पण क्षार तेथेच राहतात. मूठभर सुक्या भाजीत ओल्या भाजीच्या ढिगाएवढा क्षार एकवटतो. त्याच अध्यायात शोथरोग्याला शाक हवेच असेल तर कोणते द्यावे याचीही यादी आहे; तीत पटोल, काकमाची, मुळा, वेताचे कोंब, निंब अशी नावे आहेत. आचार्यांनी शोथात शाक सरसकट बंद केलेले नाही आणि सरसकट मोकळेही सोडलेले नाही.

पोटॅशियमचा व्यवहार

आता हाच विचार आजच्या भाषेत मांडू. आहारातून येणाऱ्या पोटॅशियमपैकी सुमारे नव्वद टक्के भाग निरोगी वृक्क मूत्रावाटे बाहेर टाकतात. उरलेला मलावाटे जातो. रक्तातील त्याचे प्रमाण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर एवढ्या अरुंद मर्यादेत राहावे लागते. वृक्क दुर्बल झाले तरी उरलेले गाळणघटक बराच काळ अधिक काम करून ही मर्यादा सांभाळतात. परंतु मधुमेहाच्या रुग्णांत ही क्षमता लवकर ढासळते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम बाहेर टाकण्याचा मार्ग आणखी अरुंद होतो. ही औषधे वृक्कांच्या व हृदयाच्या रक्षणासाठी दिलेली असतात, ती आपण थांबवू नयेत. ती चालू आहेत हे मात्र आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे. आमच्या त्या रुग्णात मधुमेह, टेल्मिसार्टन आणि चौथी अवस्था, ही तिन्ही कारणे एकत्र होती. त्यावर आम्ही पेलाभर रस ओतला.

वाढलेल्या पोटॅशियमचा मोठा धोका असा की ते बहुधा शांतपणे वाढते. दौर्बल्य, जडपणा, छातीत धडधड ही लक्षणे दिसली तर दिसतात; कधी पहिले लक्षण हृदय थांबणे हेच असते. नाडी, जिव्हा, मूत्र यांच्या परीक्षणातून ते वेळेवर कळेल असा दावा आम्ही करणार नाही.

आपल्या बाजारातील पानांचा हिशेब पाहू. कच्च्या १०० ग्रॅममध्ये पालकात सुमारे ५५० मिलिग्रॅम, चवळाईत ६०० च्या आसपास, धोप्याच्या पानांत सुमारे ६५०, सांभारात सुमारे ५२० आणि घोळीत ५०० च्या जवळपास पोटॅशियम असते. याउलट पत्ताकोबीत सुमारे १७० आणि दुधीभोपळ्यात सुमारे १५० मिलिग्रॅम. जात, जमीन व खत यांनुसार हे आकडे कमीअधिक होतात. परंतु दोन गटांतील अंतर स्पष्ट आहे. सांभार आपण मसाल्यासारखा मोजतो. चिमूटभर भुरभुरलेला सांभार कोणाचे काही बिघडवत नाही. पण हिवाळ्यात सांभार स्वस्त झाला की नागपुरात घरोघर सांभारवडी होते आणि तीत सांभार हाच मुख्य पदार्थ असतो. दोन-तीन वड्या खाणारा रुग्ण 'मी पालेभाजी खाल्ली नाही' असे प्रामाणिकपणे सांगतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाला शिजला की आक्रसतो. परातभर पालक शिजून वाटीत मावतो आणि रुग्णाला वाटते की आपण थोडेच खाल्ले. १८० ग्रॅम शिजलेल्या पालकात सुमारे ८४० मिलिग्रॅम पोटॅशियम असू शकते. दिवसाच्या आहारात दोन ते अडीच ग्रॅमची मर्यादा घालून दिलेल्या रुग्णासाठी हा केवळ एका भाजीचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून अधिक झाला.

अंबाडीची शिकवण

येथे पुन्हा स्वेदन आणि निष्पीडन या संस्कारांकडे यावे लागते. पोटॅशियमचे क्षार पाण्यात विरघळतात. पान बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळले, ते पाणी ओतून दिले आणि पान पिळून घेतले, तर क्षाराचा बराच अंश पाण्यासोबत निघून जातो. पालकादी पानांतील विद्राव्य ऑक्झॅलेटही याच मार्गाने कमी होते; २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उकळण्याने ते भाजीगणिक ३० ते ८७ टक्के घटल्याचे आढळले होते.

ही युक्ती आपल्या स्वयंपाकघराला नवीन नाही. वऱ्हाड-नागपूरकडे अंबाडीची भाजी कशी करतात ते आठवावे. पाला उकडायचा, आंबट पाणी ओतून द्यायचे, दोन्ही तळव्यांत घट्ट पिळायचा, मग कणी घालून घोटायचा आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी द्यायची. स्वेदन, निष्पीडन, स्नेह. चरकाचे तीनही संस्कार, त्याच क्रमाने. आमच्या आजीने चरकसंहिता पाहिली नव्हती, पण अंबाडी न पिळता तिने कधी शिजवली नाही. जे अंबाडीला आंबटपणासाठी करतो ते पालक-चवळाईला वृक्करुग्णासाठी करायचे, एवढे समजावून सांगितले की कोणतीही गृहिणी क्षणात समजते. 'लीचिंग' हा शब्द सांगून जे साधत नाही ते 'अंबाडीसारखी करा' या दोन शब्दांनी साधते. मात्र अंबाडी स्वतः अम्ल असल्याने शोथाच्या रुग्णास ती वारंवार देऊ नये. तिची रीत घ्यावी.

या संस्काराच्या मर्यादा ठाऊक हव्यात. थोड्या पाण्यात मिनिटभर वाफवून काढलेल्या पानातून पोटॅशियम फारसे जात नाही. कुकरमध्ये शिजवून तेच पाणी भाजीत ठेवले तर मुळीच जात नाही. आपली लाडकी पातळ भाजी म्हणजे तर पानाचे सारे पाणी डाळीसह वाटीत. तीत संस्काराला वावच नाही. चिरलेल्या कच्च्या पाल्याचा घोळाणाही याच कारणाने वर्ज्य. हिरवा रंग टिकावा म्हणून कोणी सोडा घालतात. त्यातून सोडियम वाढते, सबब तोही नको. पाणी ओतून दिल्याने काही जीवनसत्त्वे जातात हे खरे. 'भाजीचे पाणी फेकू नका, कणीक भिजवा' ही शिकवण निरोगी घरासाठी योग्यच आहे. वृक्करुग्णाच्या ताटाला ती लागू नाही.

रसाचा मोह

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सकाळच्या फिरण्याच्या जागांजवळ रसांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. गव्हांकुर, पालक, दुधी, कारले, कडुनिंब असे पेले हातोहात जातात. रस हा स्विन्न नाही, पिळून टाकलेला नाही, स्नेहयुक्त नाही. शास्त्राने जे टाकायला सांगितले तेच आपण येथे गाळून पितो आणि जे खायला सांगितले तो चोथा टाकून देतो. पालकाच्या रसात पोटॅशियमसोबत ऑक्झॅलेटही एकवटते. 'अमेरिकन जर्नल ऑफ किडनी डिसीजेस' या नियतकालिकात २०१८ साली एका पासष्ट वर्षांच्या स्त्रीची हकिकत प्रसिद्ध झाली. शरीरशुद्धीच्या हेतूने तिने ऑक्झॅलेटयुक्त हिरव्या पानांचे पेय घेतले आणि ऑक्झॅलेटचे स्फटिक साठून तिचे वृक्क निकामी झाले. तिच्या जठरावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली होती आणि प्रतिजैविकेही दीर्घकाळ चालू होती, म्हणून ती अधिक संवेदनशील होती. आपला वृक्करुग्णही आधीपासून दुर्बल आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. यास्तव जीर्ण वृक्कविकारात कच्च्या पानांचा रस आम्ही कोणत्याही अवस्थेत देत नाही.

रानभाज्यांविषयीही दोन शब्द. पावसाळ्यात कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तरोटा, कुर्डू, घोळ, शेवग्याचा पाला यांचे गुण लोकांना नव्याने कळत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तेथील फलकावर लिहिलेला गुण निरोगी माणसासाठी असतो. 'किडनीसाठी चांगली' असे ऐकून रुग्ण जी जुडी घेऊन येतो तिचा निर्णय फलकाने करायचा नसून वैद्याने करायचा आहे.

सरसकट बंदीचा तोटा

आमच्या चुकीनंतर काही महिने आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो आणि सर्व वृक्करुग्णांची पालेभाजी बंद केली. तेव्हा एका बाईंनी आमचे डोळे उघडले. खारपाणपट्ट्यातील एका गावाहून त्या येत. पूर्णेच्या खोऱ्यातील त्या पट्ट्यातून मूत्रपिंडाचे रुग्ण नागपूरला येतच असतात. त्यांची पालेभाजी दोन वर्षांपासून पूर्ण बंद होती. भात, दुधी आणि पातळ वरण एवढाच आहार. मलप्रवृत्ती तीन-चार दिवसांनी. पोटॅशियम ३.९, म्हणजे उत्तम. परंतु रक्तातील बायकार्बोनेट १७ पर्यंत उतरलेले, मांस क्षीण, तोंडाला चव नाही. त्यांना ज्या गोष्टीचे भय घातले होते ती त्यांच्या रक्तात नव्हतीच.

वृक्क दुर्बल झाले की शरीरात आम्ल साचते. फळे व भाज्या पचनानंतर अल्कधर्मी परिणाम करतात आणि ते आम्ल कमी करण्यास साहाय्य करतात. अमेरिकेत गोराया आणि वेसन यांनी चौथ्या अवस्थेतील ७१ रुग्णांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला सोडियम बायकार्बोनेट आणि दुसऱ्याला फळे-भाज्या दिल्या असता दोन्ही गटांत आम्लता सुधारली आणि दुसऱ्या गटात पोटॅशियमही वाढले नाही. मात्र या अभ्यासात पोटॅशियम वाढण्याचा धोका कमी असलेलेच रुग्ण निवडले होते. निष्कर्षाइतकीच ही अट महत्त्वाची आहे. दुसरे असे की वृक्क थकले की मलावाटे जाणाऱ्या पोटॅशियमचा वाटा वाढतो. चोथा बंद करून मलावष्टंभ ओढवला तर तो मार्गही अडतो. वनस्पतींतील फॉस्फरसही मांस किंवा डबाबंद पदार्थांतील फॉस्फरसाच्या तुलनेत कमी शोषला जातो. २०२० सालच्या अमेरिकन वृक्क-आहार मार्गदर्शक तत्त्वांनीही सर्वांना एकच मर्यादा घालण्याऐवजी रक्तातील पोटॅशियम पाहून आहार ठरवावा, असेच म्हटले आहे.

त्या बाईंना आम्ही 'अंबाडीसारखी' केलेली पत्ताकोबी आणि आठवड्यातून दोनदा अर्धी वाटी उकडून पिळलेला पालक सुरू केला. दर पंधरा दिवसांनी पोटॅशियम पाहिले. ते ४.४ च्या पुढे गेले नाही. महिन्याभरात पोट रोज साफ होऊ लागले आणि जेवणात रुची परतली.

आम्ही आता काय करतो

आमचा आजचा क्रम पुढीलप्रमाणे आहे. तो आमच्या अनुभवातून व वृक्कतज्ज्ञांशी झालेल्या चर्चेतून ठरला आहे. व्यवसायबंधूंनी आपल्या विवेकाने त्यात भर घालावी.

१) क्रिएटिनिनसोबत पोटॅशियम व बायकार्बोनेट यांचा अलीकडचा अहवाल पाहिल्याशिवाय शाकाविषयी एक शब्दही लिहीत नाही. चालू असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी मागून घेतो.

२) पोटॅशियम ५ पेक्षा कमी असेल तर संस्कारित पत्रशाक अर्धी वाटी, एक दिवसाआड. स्नेह पुरेसा, लवण अत्यल्प. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी.

३) ५ ते ५.५ या दरम्यान असेल तर पालक, चवळाई, धोपा, घोळ, सांभारवडी बंद. आठवड्यातून दोनदा उकडून पिळलेली पत्ताकोबी. एरव्ही दुधी, दोडका, पडवळ ही फलशाके. नारळपाणी, फळांचे रस आणि 'लो सोडियम' मीठ चालू आहे काय, याची चौकशी. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते.

४) ५.५ च्या पुढे पत्रशाक पूर्ण बंद, तपासणी तातडीने पुन्हा आणि वृक्कतज्ज्ञांशी संपर्क. ६ किंवा अधिक असेल, अथवा दौर्बल्य वा धडधड असेल, तर काढ्याची वाट न पाहता रुग्णालयात.

५) डायलिसिसवरील रुग्णाचे पथ्य त्या केंद्राच्या सल्ल्यानेच. दोन डायलिसिसमधील मोठ्या खंडात अधिक सावधगिरी.

६) वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णाने पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू वा कमी करू नये, तीतील व्हिटॅमिन के त्या औषधाच्या विरुद्ध कार्य करते.

औषधालयचालकांस विनंती

या पत्रिकेचे अनेक वाचक औषधालये चालवितात. त्यांना स्वतंत्र विनंती आहे, कारण ताटातील पानाइतकाच क्षार आपल्या फळीवरील बाटल्यांतही आहे. श्वेतपर्पटीतील मुख्य घटक सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. सोळा भाग सोरा, दोन भाग तुरटी व एक भाग नवसागर या प्रचलित पाठाचा हिशेब केला तर एक ग्रॅम पर्पटीत ३०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम येते. दिवसाला दोन ग्रॅम घेणारा रुग्ण १०० ग्रॅम कच्च्या पालकाएवढे पोटॅशियम केवळ औषधातून घेतो. यवक्षार व अपामार्गक्षार हेही मुख्यतः पोटॅशियमचेच क्षार. पुनर्नव्यात पोटॅशियम नायट्रेट असल्याचे आपण सर्वांनी द्रव्यगुणात वाचले आहे. आमच्या रुग्णाला आम्ही एकाच वेळी रस, भाजी, पुनर्नवा आणि श्वेतपर्पटी दिली होती. त्यामुळे पोटॅशियमचा हा भार चार वाटांनी वाढला.

मूतखडा व मूत्रदाहासाठी ही औषधे उत्तम आहेत आणि ती वापरत राहावीत. मात्र 'लघवी साफ होत नाही, काही द्या' म्हणणाऱ्या ग्राहकाला क्षारयुक्त कल्प हातात देण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : मूत्रपिंडाचा आजार सांगितला आहे काय? मधुमेह आहे काय? रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे? एकाचे जरी उत्तर होकारार्थी असेल तर वैद्याच्या चिठ्ठीशिवाय तो कल्प देऊ नये. गव्हांकुर, शेवगापाला किंवा पालक यांची चूर्णे 'किडनी टॉनिक' म्हणून सुचवू नयेत. दुकानातील माणसालाही हे शिकवावे, कारण विक्री बहुधा तोच करतो.

उपसंहार

ज्या रुग्णाच्या हकिकतीने आरंभ केला ते गृहस्थ आज आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेतात. विकार मुळातच पुढे गेलेला होता, असे तेथील तज्ज्ञांनी आम्हांला सांगितले. तथापि त्या सोळा दिवसांचा भार आमच्या मनावरून उतरलेला नाही. अग्निमांद्य व निद्रानाशासाठी ते अजूनही आमच्याकडे येतात. त्यांच्या सुनेने जुने पत्रक भिंतीवरून काढून आम्हांला परत आणून दिले होते. ते आम्ही टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. नव्या पत्रकात त्या दुसऱ्या ओळीच्या जागी एक मोकळी चौकट छापली आहे. तीत रुग्णाच्या पोटॅशियमचा आकडा व तपासणीची तारीख लिहिल्याशिवाय पत्रक द्यायचे नाही, असा चिकित्सालयाचा नियम आहे.

आपल्या खणातील छापील पथ्यपत्रक प्रत्येक व्यवसायबंधूने आज एकदा काढून वाचावे, एवढीच प्रार्थना. इत्यलम्।